राखाडी भिंतीच्या नोंदी: तीन मशीन, एक फाइल

२ जून, सोमवार

आम्ही व्हिनाइलवर छापून दिलेली प्रदर्शनाची भिंत ग्राहकाकडून परत आली. एकूण चौदा पॅनल, प्रत्येक १.२ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच, सगळ्यांच्या मागे एकच सपाट राखाडी. वेळ कमी होता म्हणून काम तिन्ही छपाई मशीनवर वाटलं होतं. १ ते ५ 'अ' वर, ६ ते १० 'ब' वर, ११ ते १४ 'क' वर. 'अ' आणि 'ब' इको-सॉल्व्हेंट शाईची, दोन्ही सहा रंगांची, म्हणजे नेहमीच्या चार रंगांबरोबर (सायन म्हणजे निळसर, मॅजेंटा म्हणजे गुलाबीसर, पिवळा, काळा) लाइट सायन आणि लाइट मॅजेंटा. 'अ' जुनं, 'ब' त्याच कंपनीचं पण नंतरचं. 'क' लेटेक्स शाईचं.

सुटं एकेक पॅनल पाहिलं तर कोणालाच नाव ठेवता येत नाही. शेजारी लावली की ५ आणि ६ च्या जोडावर जिन्याची पायरी असल्यासारखं दिसतं, आणि ११ पासून पुढे भिंत गुलाबी होते. 'अ' हिरवट, 'क' गुलाबी, 'ब' मध्ये.

राखाडीच का फसावा, हे आम्हाला नवीन नाही. लाल रंग दोन टक्क्यांनी सरकला तरी तो लालच राहतो. राखाडी म्हणजे सायन, मॅजेंटा आणि पिवळ्याचा तोल. एकाने जरा कमी-जास्त केलं की डोळ्याला लगेच कळतं.

पहिली इच्छा अर्थातच नवीन प्रोफाइल (मशीन कोणत्या आकड्याला कोणता रंग छापतं याची मोजून बनवलेली नोंद) बनवण्याची झाली. काकांनी (आमच्याकडचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ, त्यांना सगळे काकाच म्हणतात) तिथेच अडवलं. "प्रोफाइल म्हणजे त्या दिवशीचं मशीन. मशीन दुसऱ्या दिवशी तेच राहणार असेल तर बनव."

आज फक्त एवढं केलं: प्रत्येक पॅनलचा हातभर तुकडा कापला, मागे मार्करने मशीन, रोल, रिपची क्यू (फाइल छपाईसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली त्या मशीनची रांग, तिच्या सेटिंगसकट) आणि छापल्याची वेळ लिहिली. कुठल्याही सेटिंगला हात लावायचा नाही, असा कागद तिन्ही मशीनवर चिकटवला.

३ जून, मंगळवार

मोजणी, रंग मोजायच्या यंत्राने. फाइलमध्ये राखाडी असा आहे: सायन ५२, मॅजेंटा ४२, पिवळा ४०, काळा २०. ग्राहकाने मंजूर केलेल्या प्रूफवर (नमुना छापावर) तो एल ४७.५, ए ०.२, बी −२.४ असा मोजला जातो. (एल म्हणजे उजळपणा. ए वजा असेल तर हिरव्याकडे, अधिक असेल तर लालसर. बी वजा असेल तर निळसर.)

पॅनल ५, 'अ': ४८.२, −१.९, −३.१
पॅनल ६, 'ब': ४७.१, ०.४, −२.२
पॅनल ११, 'क': ४६.०, २.६, −४.५

१९७६ च्या सूत्राने 'अ' आणि 'ब' मधला डेल्टा ई (दोन रंगांमधल्या फरकाचा आकडा) २.७, 'अ' आणि 'क' मधला ५.२. हेच आकडे २००० च्या सूत्रात घातले तर अनुक्रमे ३.५ आणि जवळपास ७. नव्या सूत्रात आकडा नेहमी लहान येतो, असं आपल्याकडे सरसकट बोललं जातं. भडक रंगांना ते लागू आहे. राखाडीच्या आसपास मात्र ते सूत्र ए-अक्ष ताणून मोजतं, कारण डोळाही तिथे तेवढाच चिकित्सक असतो. पुढच्या सगळ्या नोंदी २००० च्याच सूत्राने ठेवतोय, नाहीतर महिनाभराने कोणता आकडा कशाचा ते मलाच कळणार नाही.

'ब' प्रूफला जवळजवळ चिकटून आहे. म्हणजे फाइल ठीक आहे.

संध्याकाळी रात्रपाळीचा ऑपरेटर त्याच्या वहीतली गेल्या दोन महिन्यांची रीडिंग घेऊन आला. त्याच्या आकड्यांत आणि माझ्यात कोऱ्या व्हिनाइलवरच फरक. एकाच तुकड्यावर माझ्या यंत्रावर बी −९.६, त्याच्यावर −७.८. दोघंही आपापल्या आकड्यावर ठाम. तो म्हणाला, "दादा, तुमचं यंत्र कॅलिब्रेट करा एकदा." मी मनात तेच त्याच्याबद्दल म्हणत होतो.

४ जून, बुधवार

दोघंही बरोबर निघालो. त्याचं जुनं यंत्र फक्त एम-शून्य मोजतं, माझं एम-एक वर लावलेलं. आयएसओ १३६५५ (छपाईचा रंग मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) मध्ये २००९ साली ही नावं आली: एम-शून्य म्हणजे जुन्या टंगस्टन दिव्याच्या जातीचा प्रकाश, ज्यात अतिनील किती ते बांधलेलं नाही. एम-एक म्हणजे डी५० (दिवसाच्या उजेडाचा ठरलेला नमुना), अतिनील भागासकट. एम-दोन म्हणजे अतिनील गाळून. व्हिनाइल पांढरंशुभ्र दिसावं म्हणून त्यात ऑप्टिकल ब्राइटनर घालतात. तो अतिनील प्रकाश पितो आणि निळा ओकतो. ज्या दिव्यात अतिनील जास्त, तिथे व्हिनाइल जास्त निळं. गंमत म्हणून तोच तुकडा एम-दोन वर मोजला तर बी −२.४. तुकडा एकच, पांढरे तीन.

शिवाय तो मीडिया टेबलावर ठेवून मोजतो आणि टेबल काळं आहे. हे व्हिनाइल काही पूर्ण अपारदर्शक नाही. मी कोऱ्या व्हिनाइलचे चार थर खाली घालतो. नुसत्या पाठीमागच्या फरकाने एल एका अंकाने खाली गेला.

म्हणजे गेल्या दोन महिन्यांत "मशीन सरकलं" असं म्हणून आम्ही जे काही केलं, त्यातलं किती खरंच मशीनचं होतं हे आता कोणीच सांगू शकणार नाही. वही बंद केली, नवी सुरू केली. पहिल्या पानावर: एकच यंत्र, एम-एक, खाली पांढरे चार थर, पांढऱ्या टाइलवर दर वेळी कॅलिब्रेशन, टाइल पुसलेली. टाइलवर बोटाचा ठसा होता, हेही लिहून ठेवतो. कोणाचा ते लिहीत नाही.

५ जून, गुरुवार

आज प्रश्न एकच: तीच फाइल त्याच मशीनवर दोनदा छापली तर सारखी येते का?

'ब': सकाळी, दुपारी, संध्याकाळी. सगळ्यात मोठा फरक ०.५. शहाणं बाळ.

'क': ०.६. तेही स्थिर. म्हणजे 'क' चुकतंय, पण रोज तेवढंच चुकतंय. अशी चूक शोधायला सोपी.

'अ': चालू केल्याबरोबर एक, तासाभराने एक, त्यातच १.६. हीटर ठरलेल्या तापमानाला पोहोचले असं पडद्यावर दिसतं, पण प्लॅटन (मीडियाखालची पाटी) आणि मीडिया तापायला वेळ लागतो, आणि थंड मीडियावर थेंब वेगळा पसरतो. पहिली वीस मिनिटं रद्दी छापून मग मोजलं तर १.० वर आलं. तरी १.० उरतोच. आणि हा फरक एका बाजूचा आहे, ए कायम वजाकडेच सरकतो.

आणखी एक: इको-सॉल्व्हेंटवर छापल्यापासून दहा मिनिटांनी आणि दुसऱ्या दिवशी मोजल्यास राखाडीत १.१ चा फरक. सॉल्व्हेंट उडून जाईपर्यंत रंग बसत नाही. लॅमिनेशनसाठी आपण २४ तास थांबतो, मोजताना मात्र गरमागरम तुकडा उचलून यंत्राखाली घालतो. लेटेक्स मशीनमधूनच भाजून बाहेर पडतं, त्याला हे लागू नाही. यापुढे इको-सॉल्व्हेंटचं मोजमाप दुसऱ्या दिवशी.

६ जून, शुक्रवार

'अ' चा नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालतात का ते पाहायचा बारीक रेघांचा छाप) स्वच्छ. एकही रेघ तुटलेली नाही. ऑपरेटरने कालच क्लीनिंग दिलं होतं, वायपरही बदललेला. इथे मी जवळजवळ मान टाकली होती आणि प्रोफाइलकडे वळणार होतो.

मग जुने तुकडे पुन्हा काढले. आतापर्यंत 'अ' चं पॅनल ५ च मोजलं होतं, कारण जोड तिथे होता. आज १ ते ५ सगळी मोजली. फक्त ए लिहितो:

पॅनल १: −०.५
पॅनल २: −०.९
पॅनल ३: −१.२
पॅनल ४: −१.६
पॅनल ५: −१.९

हे पाहिल्यावर काका हसले. "हे रंगाचं दुखणं नाही. हे तहानेचं दुखणं आहे."

एकामागून एक छापत गेलं तसतसं हिरवं होत गेलंय, म्हणजे मॅजेंटा कमी पडत गेलाय. नोझल चेक हे पकडत नाही, कारण त्याला लागते चिमूटभर शाई. हेडजवळच्या (शाईचे थेंब सोडणाऱ्या भागाजवळच्या) डॅम्पर नावाच्या डबीत तेवढी साठलेली असते. सलग तीन मीटर राखाडी छापायला लागलं की ओढ वाढते, आणि नळीतून तेवढी शाई येत नसेल तर थेंब लहान पडतो. रेघ तुटत नाही, फिकी होते. नोझल चेकच्या बारीक रेघेत फिकेपणा कोणाला दिसणार?

चाचणी अशी केली: लाइट मॅजेंटाचा १०० टक्के सपाट पट्टा, एक मीटर रुंद, दीड मीटर लांब, रंग-व्यवस्थापन (प्रोफाइलप्रमाणे रंग बदलून घेणं) बंद. सुरुवातीला घनता (शाईचा गडदपणा) ०.६२, शेवटी ०.५१. साध्या मॅजेंटाचा तसाच पट्टा: सुरुवात आणि शेवट सारखे. मधल्या राखाडीत मॅजेंटाचा बराचसा भार लाइट मॅजेंटाच उचलतो, त्यामुळे गडद रंगांत काही कळलं नव्हतं आणि राखाडीत सगळं उघडं पडलं.

७ जून, शनिवार

डॅम्पर काढला. अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची डबी, एका बाजूला पारदर्शक पातळ पडदा. मोबाइलचा टॉर्च मागून धरला. चांगल्या डॅम्परमध्ये आतली जाळी एकसारखी फिकट गुलाबी दिसते. यात खालच्या तिसऱ्या भागात गडद गाळ बसलेला, त्याच्या वर हवेचा बुडबुडा, डबी वाकडी केली की इकडून तिकडे पळणारा. पडदा आत ओढला गेलेला, सोडला तरी परत फुगत नव्हता. शेजारच्या साध्या मॅजेंटाचा डॅम्पर काढून पाहिला, तो टुणटुणीत.

सहाही बदलले. एक बदलून बाकीचे ठेवायचे म्हणजे महिन्याने हीच नोंद परत लिहायची. शाई ओढून घेतली, बुडबुडे जाईपर्यंत पर्ज (शाई जोराने बाहेर ढकलणं), मग तासभर नुसतं ठेवलं.

दीड मीटरचा पट्टा पुन्हा: ०.६२, शेवटी ०.६१.

मी मंगळवारीच नवीन प्रोफाइल बनवलं असतं तर काय झालं असतं? तहानलेल्या मशीनचं प्रोफाइल. ते मॅजेंटा वाढवून देणार, पहिलं पॅनल गुलाबी, पाचवं बरोबर. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

९ जून, सोमवार

शनिवारी छापलेले 'अ' चे तुकडे आज मोजले. ए −०.३, पाच सलग तुकड्यांत ०.२ चा फरक. 'अ' बाजूला ठेवलं.

आता 'क'. हे रोज तेवढंच चुकतंय, म्हणून हेडकडे न जाता थेट रिपमध्ये गेलो. तिन्ही क्यू शेजारी उघडल्या आणि एकेक खूण ताडून पाहिली.

पहिला फरक: 'अ' आणि 'ब' वर फाइलमधलं जोडलेलं प्रोफाइल मानायचं, 'क' वर दुर्लक्ष करायचं, अशी खूण. या भिंतीत राखाडी सीएमवायके (चार शायांच्या आकड्यांत) आहे पण त्यावर पडणाऱ्या सावल्यांची चित्रं आरजीबी (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्यात) आहेत. त्या चित्रांपुरता गोंधळ यातून होतो, सपाट राखाडीचा नाही. खूण सरळ केली.

दुसरा: रेंडरिंग इंटेंट, म्हणजे फाइलमधले रंग मशीनच्या आवाक्यात कसे बसवायचे ते. 'अ', 'ब' वर रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन, 'क' वर पर्सेप्च्युअल. पर्सेप्च्युअलमध्ये रंगांचा सगळा पसारा दाबून बसवला जातो, आणि तो कसा दाबायचा हे ज्याने प्रोफाइल बनवलं त्याच्या सॉफ्टवेअरवर असतं. दोन मशीन जुळवायची असतील तर तिथे पर्सेप्च्युअल नको. हेही सरळ केलं, एल वर आला. गुलाबी मात्र जिथल्या तिथे.

तिसरा फरक सापडायला दुपार झाली. प्रोफाइलच्याही नंतर, शेवटच्या पानावर, हाताने काढलेला एक कर्व्ह (एखाद्या शाईचं प्रमाण कमी-जास्त करणारी रेघ). मॅजेंटा, ५० टक्क्यांवर अधिक ४. क्यूचं नाव "क_नवीन_फायनल_२".

कोणी टाकला म्हणून आवाज चढवून झाला. ऑपरेटरला विचारलं, त्याने नुसती मान हलवली. मग रिपचा इतिहास उघडला. गेल्या वर्षीची तारीख, लॉगिन माझं. एका पोस्टरवर चेहरे पिवळट येत होते, ग्राहक दारात उभा होता, पाच मिनिटांत काहीतरी करायचं होतं. केलं. उद्या काढू म्हणून ठेवलं. तो उद्या आज उगवला.

ऑपरेटर काही बोलला नाही. मशीनवरच्या "हात लावायचा नाही" कागदाकडे बघत मात्र होता.

१० जून, मंगळवार

कर्व्ह काढला. 'क' आता: ४७.० , ०.७, −४.२. ए बराच सुधारला. बी अजून दोनाने निळा, आणि क्यूमध्ये आता संशय घ्यावा असं काही उरलेलं नाही.

११ जून, बुधवार

बी ची गोष्ट रोलमध्ये होती. तिन्ही मशीनवर एकाच नावाचं, एकाच कंपनीचं व्हिनाइल. पण 'क' वर चढलेला रोल नव्या लॉटचा (वेगळ्या खेपेचा). कोरं मोजलं: 'क' वरचा −९.६, 'ब' वरचा −६.१. (३ तारखेला मी आणि ऑपरेटर ज्या तुकड्यावरून भांडलो तो 'क' चाच होता, म्हणून तो आकडा ओळखीचा वाटतोय.)

दिवे बंद करून दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले आणि अतिनील टॉर्च मारला. एक जांभळट निळा पेटला, नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्या शर्टासारखा. दुसरा मंद. दिवा लावला की दोन्ही पांढरे, शेजारी धरले तरच फरक. ऑपरेटरने टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि गोदामातले सगळे रोल तपासून आला. अकरा रोल, तीन जाती. त्याने रोलच्या तोंडावर १, २, ३ असे आकडे टाकलेत.

रिलेटिव्ह कलरिमेट्रिकमध्ये कागदाचा पांढरा हाच शून्य धरला जातो. प्रोफाइल एका पांढऱ्यावर बनलेलं आणि छपाई दुसऱ्यावर, तर सगळे रंग त्या बाजूला थोडे थोडे झुकतात. फिकट रंग जास्त, गडद कमी, कारण वरची शाई ब्राइटनरपर्यंत अतिनील पोहोचूच देत नाही. 'क' वर 'ब' च्या लॉटचा रोल चढवला: बी −२.९.

निर्णय: एक काम, एक लॉट. लॉट पुरत नसेल तर काम सुरू करण्याआधी सांगायचं, अर्ध्यात नाही.

१२ जून, गुरुवार

मशीन स्थिर, क्यू सारख्या, मीडिया एक. आता प्रोफाइल. तेही पायरीने: आधी प्रत्येक शाईची मर्यादा, मग लिनियरायझेशन (टक्के वाढतील तसा गडदपणा एकसारखा वाढवणं), मग एकूण शाईची मर्यादा (सगळ्या शायांच्या टक्क्यांची बेरीज), सगळ्यात शेवटी चार्ट (मोजायच्या रंग-चौकोनांचं पान).

शाईची मर्यादा ठरवताना डोळ्याला जितकं गडद तितकं चांगलं वाटतं. पण एका टप्प्यानंतर शाई वाढवली तरी घनता वाढत नाही, नुसता रंग वळतो. सायन निळ्याकडे कलायला लागला तिथून थोडं मागे आलो. एकूण शाई 'अ' आणि 'ब' वर २७० टक्के. ३०० ला दोन दिवसांनीही बोटाला चिकट लागत होतं, आणि असा चिकट प्रिंट गुंडाळला की मागचा रंग पुढच्याला लागतो.

संध्याकाळी चार्ट छापले, १६१७ पॅच, तिन्ही मशीनवर. वाळत ठेवले.

१३ जून, शुक्रवार

चार्ट वाया. 'ब' चा चार्ट रंग-व्यवस्थापन चालू ठेवूनच छापला गेला. नव्वद टक्के काळ्याचा पॅच चारी शाया मिसळून आलेला दिसला तेव्हा लक्षात आलं. नशीब मोजायच्या आधीच दिसलं. पुन्हा छापला. दिवस गेला.

१६ जून, सोमवार

तिन्ही प्रोफाइल तयार. एक गोष्ट मुद्दाम बदलली: काळ्याचा वाटा वाढवला, म्हणजे जीसीआर जड केला. राखाडी तीन रंगांच्या तोलावर उभा असेल तर एक रंग जरा ढळला की भिंत ढळते. त्याचा कणा काळ्या शाईचा असेल तर ढळायला कमी जागा. दिवा बदलला की राखाडीचा रंग बदलण्याचं प्रमाणही उतरतं. तोटा: आमच्याकडे लाइट ब्लॅक नाही, त्यामुळे फिकट राखाडीत काळे ठिपके वाळूसारखे दिसतात. हातभर अंतरावरून दिसतात, दोन मीटरवरून नाही. भिंतीला चालेल. जवळून बघायच्या फोटोंसाठी जुनीच काळ्याची मांडणी ठेवली, वेगळ्या क्यूमध्ये, आणि नावात "फायनल" न घालता.

दुसरी गोष्ट: 'अ' ला 'ब' सारखं आणि 'ब' ला 'क' सारखं करत बसायचं नाही. तिघांनी फोग्रा ३९ ची (ऑफसेट छपाईच्या ठरलेल्या रंगमानकाची) नक्कल करायची. ती जागा या व्हिनाइलवर तिन्ही मशीनच्या आवाक्यात बऱ्यापैकी बसते. 'क' चा झगझगीत नारिंगी आणि 'ब' चा खोल निळा त्यात वाया जातो हे मान्य. जुळणी हवी असेल तर ज्याचा गळा वरच्या पट्टीला जात नाही त्याच्या पट्टीत गावं लागतं.

१७ जून, मंगळवार

पडताळणी. तिन्ही मशीनमध्ये राखाडी पायऱ्यांचा सरासरी फरक ०.९, सगळ्यात वाईट १.६. आकड्यांवर खूश होऊन तुकडे शेजारी लावले, आणि 'क' वेगळंच दिसलं.

रंग जुळलाय, चमक नाही. आमचं यंत्र ४५ अंशांनी प्रकाश टाकून सरळ वरून बघतं, म्हणजे चकाकी मुद्दाम टाळतं. माणूस भिंतीपुढून चालत जातो, त्याला टाळता येत नाही. लेटेक्सचा पृष्ठभाग आणि इको-सॉल्व्हेंटचा पृष्ठभाग तिरक्या प्रकाशात दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्हींवर एकच मॅट लॅमिनेशन केलं तेव्हा फरक बराच मिटला, पण गडद भागात उरला. एका भिंतीत दोन जातींची मशीन घ्यायची नाहीत, हे ठरलं. यावर वाद नको.

१८ जून, बुधवार

ग्राहकाने मोबाइलवर काढलेले फोटो पुन्हा पाहिले. फोटोत फरक दुप्पट दिसतो. मोबाइल प्रत्येक चौकटीत पांढरा स्वतः ठरवतो, त्यामुळे फोटोवरून रंगाचा निवाडा करणं व्यर्थ. पण एक खरं निघालं. आमच्या बघण्याच्या पेटीत (डी५०, आयएसओ ३६६४ प्रमाणे २००० लक्सच्या आसपास) जुळणारी जुन्या मांडणीची जोडी बाहेरच्या एलईडीखाली फुटते. नव्या, काळ्याचा कणा असलेल्या मांडणीची जोडी तिथेही टिकते. यापुढे मंजुरी दोन दिव्यांखाली: पेटीत, आणि जिथे लागणार तिथल्या दिव्यासारख्या दिव्याखाली.

१९ जून, गुरुवार

'ब' वर डावीकडच्या कडेला आणि उजवीकडच्या कडेला ०.८ चा फरक आहे. एका पॅनलच्या आत तो कोणालाच दिसणार नाही, कारण १.२ मीटरवर हळूहळू पसरतो. जोडावर मात्र एका पॅनलची उजवी कड दुसऱ्याच्या डाव्या कडेला भिडते आणि तो ०.८ एका रेघेत गोळा होतो.

जुना उपाय: दर दुसरं पॅनल १८० अंशांत फिरवून छापायचं. मग डावी कड डाव्या कडेला भेटते, उजवी उजवीला. यात एक मेख आहे. फिरवल्यामुळे एका पॅनलचं डोकं आधी छापलं जातं आणि शेजारच्याचे पाय आधी. लांबीत रंग सरकत असेल, 'अ' वर सरकत होता तसा, तर हा उपाय जोड आणखी बिघडवतो. म्हणून आधी तीन मीटरचा पट्टा दोन्ही टोकांना मोजला: 'अ' ०.३, 'ब' ०.२. आता फिरवायला हरकत नाही.

२० जून, शुक्रवार

चौदाही पॅनल पुन्हा. १ ते ७ 'अ' वर, ८ ते १४ 'ब' वर, एकाच लॉटचे रोल, सम आकड्यांची पॅनल उलटी. 'अ' ला आधी वीस मिनिटं रद्दी. लॅमिनेशन उद्या संध्याकाळी, आधी नाही. ऑपरेटरने प्रत्येक पॅनलच्या मागे बाण काढलाय, वर कुठे ते कळावं म्हणून. मला सुचलं नव्हतं.

२३ जून, सोमवार

भिंत आमच्याच शेडमध्ये उभी करून पाहिली. तेरा जोड, सगळ्यात मोठा फरक ७ आणि ८ मध्ये: १.१. काका लांबून आले, चालत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "मशीन कुठे बदललं ते सांग." मी ७ वर बोट ठेवलं. ते म्हणाले ९. माल गेला.

२४ जून, मंगळवार

रोजची पट्टी सुरू. बारा पॅच: सहा शायांचे सपाट, राखाडीच्या तीन पायऱ्या तीन रंगांच्या आणि तशाच तीन पायऱ्या नुसत्या काळ्याच्या. लेटेक्सवरही तेवढेच. रोज पहिलं काम, सकाळी छापायची, आदल्या दिवशीची मोजायची. १.५ च्या वर गेली तर काम थांबवून विचारायचं, कर्व्ह ओढायचा नाही. रिपमधल्या हाताच्या कर्व्हच्या पानाला पासवर्ड लावला. तो मला नाही, ऑपरेटरला दिलाय.

३० जून, सोमवार

'ब' ०.६, 'क' ०.५, 'अ' १.७.

'अ' चे नुसत्या काळ्याचे राखाडी जागेवर, तीन रंगांचे ए वजाकडे. लाइट मॅजेंटाचा पॅच फिका. डॅम्पर नवा आहे, म्हणून मागे गेलो: कार्ट्रिज ती पट्टी छापण्याआधीच बदललेलं, हलवून घातलेलं नाही. काढलं, हलवलं, परत घातलं, नळीतली शाई ओढून टाकली. काम दुपारपर्यंत 'ब' वर वळवलंय. 'अ' ची पट्टी पुन्हा छापली, वाळतेय, उद्या मोजू.